यंत्राने ठरवलं, मग जबाब कोणी द्यायचा?

पाच सेकंदांचा हिशेब

१८ मार्च २०१८, रविवार. रात्रीचे दहा वाजायला आले होते. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टेंपी शहरात, एलेन हर्झबर्ग ही ४९ वर्षांची बाई सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीची स्वयंचलित गाडी चाचणीसाठी त्याच रस्त्याने ताशी ७० किलोमीटरच्या आसपास वेगाने येत होती. गाडीच्या रडारने धडकेच्या ५.६ सेकंद आधी तिला टिपलं होतं. त्या वेगाला हे शंभर मीटरहून जास्त अंतर झालं. ब्रेक लावायला पुरून उरेल इतकं.

तरी गाडी थांबली नाही, कारण समोर नेमकं काय आहे हेच तिला ठरवता येईना. आधी तिने ते वाहन मानलं, मग 'इतर काहीतरी', मग सायकल, पुन्हा इतर. दर वेळी शिक्का बदलला की त्या वस्तूच्या हालचालीचा आधीचा हिशेब टाकून दिला जाई आणि अंदाज पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पादचारी झेब्रा पट्ट्यांखेरीज दुसरीकडेही रस्ता ओलांडतो, ही गोष्ट त्या प्रणालीच्या रचनेत धरलेलीच नव्हती. धडक होणार हे कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. त्यातलाही एक सेकंद ब्रेक रोखून धरायची सोय मुद्दाम केलेली होती. विनाकारण ब्रेक लागून गाडीने हिसके देऊ नयेत म्हणून. मूळच्या व्होल्वो गाडीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा होती, पण चाचणीच्या वेळी ती बंद ठेवली जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशी करून नोव्हेंबर २०१९ मध्ये हा सगळा तपशील मांडला.

मी हा तपशील पुन्हा पुन्हा वाचला आहे. दर वेळी जाणवतं, की यातली एकही गोष्ट यंत्राच्या मनाने घडलेली नाही. एक सेकंद थांबायचं, हे कोणीतरी ठरवलं. व्होल्वोची यंत्रणा बंद ठेवायची, हेही कोणीतरी ठरवलं. रस्त्यात मध्येच माणूस येऊ शकतो हे कोणाच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी ते पुढच्या टप्प्यावर ढकललं गेलं. त्या रात्रीचे निर्णय कित्येक महिने आधी, दिवसाढवळ्या, ऑफिसात बसून झालेले होते.

शेवटी सापडला तो चोर

गाडीत देखरेखीसाठी एक चालक होती आणि तिची नजर मोबाइलवर होती. सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये कंपनीवर फौजदारी खटला न भरण्याचा निर्णय घेतला. चालकावर मात्र खटला झाला. जुलै २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

तिची चूक होतीच, ती मी झाकणार नाही. पण अपघाताच्या काही महिने आधीपर्यंत अशा गाडीत दोन माणसं बसत. कंपनीने त्यातलं एक कमी केलं. एकट्या माणसाने तासन् तास काहीही न करता, तरी सतत सावध राहून समोर बघत बसायचं, ही अपेक्षाच माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, आणि ती अपेक्षा ठेवणारे त्या गाडीत नव्हते.

मॅडेलीन क्लेअर एलिश या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या प्रकारासाठी एक नेमकी उपमा दिली आहे. मोटारीचा पुढचा भाग मुद्दाम चेपेल असा बनवतात, म्हणजे धडकेचा मार तो खातो आणि आतली माणसं वाचतात. स्वयंचलित यंत्रणांमध्ये ही चेपणारी जागा माणसाला मिळते. यंत्रणेवर ज्याचा ताबा सगळ्यात कमी, त्याच्याच अंगावर सगळा ठपका येतो आणि यंत्रणा, तिचे मालक, तिचे रचनाकार सुखरूप राहतात.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिमूल्यांवर बोलताना न्याय, पारदर्शकता, सुरक्षितता, खासगीपणा असे शब्द एका दमात घेतले जातात. शब्द खरे आहेत. पण त्यांत मला उत्तरदायित्व सगळ्यात आधी हवं वाटतं. 'हे असं का झालं?' या प्रश्नाला नावानिशी उत्तर द्यायला कोणी बांधलेला असेल, तर बाकीची मूल्यं पाळायला त्याला कारण मिळतं. तसा कोणी नसेल, तर ती माहितीपुस्तकात छापलेलीच राहतात.

मोजायला काय सांगितलं?

यंत्राला आपण थेट न्याय शिकवू शकत नाही. मोजता येईल असं काहीतरी त्याच्यापुढे ठेवावं लागतं. खरी गोम तिथे आहे.

अमेरिकेतल्या अनेक इस्पितळांत एक प्रणाली वापरात होती. कोणत्या रुग्णांकडे विशेष लक्ष द्यावं, कोणाला जादा नर्स, जादा भेटी द्याव्यात, हे ती सुचवत असे. आजार किती गंभीर आहे हे मोजणं अवघड, म्हणून पुढच्या काळात या रुग्णावर किती खर्च होईल, याचा अंदाज तिला बांधायला सांगितला होता. ऐकायला सरळ वाटतं: जास्त आजारी माणसावर जास्त खर्च होणार. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की या सरळपणातच अन्याय दडला होता. तेवढ्याच आजारासाठी कृष्णवर्णीय रुग्णांवर आधीपासून कमी खर्च होत आलेला होता. त्यामुळे गोऱ्या रुग्णाइतकेच गुण मिळवायला कृष्णवर्णीय रुग्णाला त्याच्यापेक्षा जास्त आजारी असावं लागे. ही तफावत काढून टाकली, तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशेब होता.

त्या प्रणालीला रुग्णाचा वंश सांगितलेलाच नव्हता. 'आम्ही जात, धर्म, वंश विचारतच नाही, मग भेदभाव होईल कसा?' असं म्हणणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावं. आपल्या गावाकडचा विचार करा. दवाखान्याचं बिल लहान म्हणून आजार लहान, असं कोणी म्हणेल का? बिल लहान असतं, कारण माणूस तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलेलाच नसतो. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी त्या बिलात कुठेच दिसत नाही.

नेदरलँड्समधले आईबाप

जबाबदारी कशी पांगते, याचं एक सविस्तर नोंदलेलं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे.

तिथे पालकांना पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो आणि त्या काळी तो करखात्यामार्फत दिला जाई. कोणी लबाडी तर करत नाही ना, हे पाहण्यासाठी खात्याने २०१३ पासून स्वतः शिकत जाणारी एक गुणांकन प्रणाली वापरली. प्रत्येक अर्जाला ती जोखमीचे गुण देई. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही तिच्या निकषांत होता. नसेल तर जोखीम वाढे. गुण जास्त आले की फाइल तपासणाऱ्या माणसाच्या टेबलावर जाई.

त्या टेबलाशी थोडं थांबू. समोर एक अर्ज आहे, त्यावर मोठा आकडा आहे. तो आकडा का आला, हे मात्र कुठेच लिहिलेलं नाही, आणि तसं सांगायची सोयच प्रणालीत नाही. अशा वेळी माणूस काय करील? आकड्याला साजेसं काहीतरी शोधील. राहून गेलेली एक सही, पाळणाघराला स्वतःच्या खिशातून द्यायच्या रकमेत पडलेली थोडी तूट, असं काही हाती लागलं की तेवढ्यावरून वर्षभराचा पूर्ण भत्ता परत मागितला जाई. रकमा हजारो युरोंच्या, कित्येकांच्या बाबतीत दहा-दहा हजारांच्या पटीतल्या. एकदा 'जाणूनबुजून फसवणूक' असा शेरा पडला की हप्त्यांनी फेडायची सवलतही मिळत नसे.

हजारो कुटुंबं यात भरडली गेली. घरं गेली, नोकऱ्या गेल्या, संसार मोडले. अशा कुटुंबांतली हजाराहून जास्त मुलं आईवडिलांपासून काढून दुसरीकडे ठेवली गेली. एक वकीलबाई, दोन चिकाटीचे खासदार आणि काही पत्रकार अनेक वर्षं मागे लागले, तेव्हा प्रकरण उघड्यावर आलं. डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीने 'अभूतपूर्व अन्याय' या नावाने अहवाल दिला. १५ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधान मार्क रुत्ते यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. पीडित पालकांना प्रत्येकी किमान ३०,००० युरो भरपाई ठरली आणि माहिती-संरक्षण प्राधिकरणाने करखात्याला २७.५ लाख युरोंचा दंड केला.

सगळा दोष प्रणालीवर टाकणं सोपं आहे, पण खरं नाही. कायदाच कमालीचा कडक होता, तो संसदेने केला होता. अधिकाऱ्यांनी तो आणखी कडकपणे राबवला, आणि न्यायालयांनी वर्षानुवर्षं त्यांची बाजू उचलून धरली. यंत्राने बोट दाखवलं, कुऱ्हाड माणसांनी चालवली. पण त्या दाखवलेल्या बोटामुळे प्रत्येकाला म्हणायला जागा मिळाली: निवड मी केलेली नाही, ती संगणकाने केली. आणि संगणक बनवणारा म्हणू शकत होता, की आम्ही फक्त गुण देतो, निर्णय माणूस घेतो. 'अंतिम निर्णय माणसाचाच असतो' हे वाक्य आज प्रत्येक प्रणालीच्या माहितीपत्रकात असतं. त्या माणसाला कारण कळतं का, त्याला वेळ मिळतो का, आणि यंत्राच्या विरुद्ध मत दिलं तर त्याची नोकरी शाबूत राहते का, हे विचारल्याशिवाय ते वाक्य मान्य करू नये.

एक नाव, तीन बायका

आपल्या शेजारच्या तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या सरकारी खात्यांतली माहिती, नावं आणि पत्ते जुळवून ती एकेका कुटुंबाचं चित्र तयार करते आणि कल्याणकारी योजनांना कोण पात्र, हे ठरवायला मदत करते. हैदराबादमधल्या एका सायकलरिक्षावाल्याच्या कुटुंबाला या जुळवणीमुळे धान्य नाकारलं गेलं. मिळत्याजुळत्या नावाच्या कोणा भलत्याच माणसाकडे मोटार होती आणि यंत्राने ती याच्या नावावर लावली. रिक्षावाल्याच्या बायकोला न्यायासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं. त्या राज्यात लाखो रेशन कार्डं संगणकावर विसंबून, घरी कोणी न जाता रद्द झाली होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रत्यक्ष घरी जाऊन पुन्हा तपासायला सांगितली.

आपल्या मराठी नावांची गत याहून वेगळी नाही. एकाच बाईचं नाव रेशन कार्डावर 'सुनंदाबाई', आधारवर 'सुनंदा', जुन्या सातबाऱ्यावर नवऱ्याच्या नावाआधी 'भ्र.' लावून, आणि शाळेच्या दाखल्यावर माहेरच्या आडनावासकट. काही घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. इंग्रजी लिपीत गेल्यावर 'गायकवाड'चीच दोन-तीन स्पेलिंगं होतात. गावच्या तलाठ्याला आणि रेशन दुकानदाराला ठाऊक असतं, की ही सगळी एकच बाई. यंत्राला तीन बायका दिसतात, किंवा दोन निराळ्या बायकांची एक होते.

इथे प्रणाली घडवणाऱ्याने एक हिशेब मांडलाच पाहिजे. अपात्र माणसाला धान्य गेलं, तर सरकारचे काही किलो तांदूळ जातात. पात्र माणसाचं बंद झालं, तर घरातली चूल थंड होते. या दोन चुका एका मापाच्या नाहीत. पण 'आमची अचूकता ९९ टक्के' असं म्हणताना दोन्ही एकाच टोपलीत टाकलेल्या असतात. एक कोटी कुटुंबांवर ९९ टक्के अचूकता म्हणजे एक लाख कुटुंबांच्या बाबतीत चूक. ती एक लाख कुटुंबं कोणती आणि त्यांनी कुणाचं दार ठोठवायचं, हे प्रणाली सुरू करण्याआधी ठरलेलं असायला हवं.

शिकवणारे हात

माझी मावशी वऱ्हाडातली. फोनला बोलून मजकूर लिहिता येतो, हे कळल्यावर तिला फार आनंद झाला होता. तिने भाचीला निरोप सांगितला, 'मले बरं नाही, तू इकडं येशीन का?' पडद्यावर 'मला' आलं नाही, 'मले'ही आलं नाही. 'माळे' असं काहीतरी उमटलं. तिने दोनदा पुन्हा सांगून पाहिलं, दर वेळी आवाज चढवून. मग फोन माझ्या हाती दिला आणि म्हणाली, 'त्याले आपली भाषा येत नाही.' तिने पुन्हा तो प्रयत्न केला नाही.

ही अडचण सुटण्यासारखी आहे, आणि सोडवताना माणसांशी नीट वागताही येतं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चशी संबंधित संशोधकांचा २०२० सालचा एक शोधनिबंध मराठीवरच आहे. त्यांनी ग्रामीण भागातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरातले कमी उत्पन्नाचे लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी, अशा ३६ जणांकडून १०९ तासांचं मराठी बोलणं ध्वनिमुद्रित करून घेतलं, त्यांना मोबदला देऊन. गरीब लोकांनी केलेलं काम विद्यार्थ्यांच्या कामाच्या तोडीचं निघालं. म्हणजे खेड्यातल्या माणसाला त्याच्याच बोलीत, पैसे देऊन हे काम देता येतं. ते होत नसेल, तर कोणीतरी ते न करण्याचं ठरवलेलं असतं.

याची उलटी बाजू केनियात दिसली. चॅटजीपीटीने घाण बोलू नये म्हणून घाण म्हणजे काय हे त्याला दाखवावं लागलं. लैंगिक अत्याचार, छळ, हिंसा यांची वर्णनं वाचून त्यांवर शिक्के मारायचं काम नैरोबीतल्या कामगारांनी तासाला दोन डॉलरपेक्षा कमी मजुरीवर केलं, हे 'टाइम' नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये उघड केलं. आपल्याला मिळणाऱ्या सभ्य उत्तरामागे कोणाच्या तरी बिघडलेल्या झोपेची किंमत आहे. एआयच्या जबाबदारीचा विचार करताना ही माणसं बहुतेक वेळा गाळली जातात.

घडवणाऱ्यांनी काय करावं

पुण्यात हिंजवडीत, मगरपट्ट्यात बसून अशा प्रणालींवर काम करणारी असंख्य मराठी मुलंमुली आहेत. पुढचं त्यांच्यासाठी.

विदा, म्हणजे प्रणालीला शिकवायची माहिती, कुठून आली, कोणाकडून आली, तिच्यात कोण नाही, हे लिहून ठेवायची पद्धत टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुचवली. विजेच्या सुट्या भागाबरोबर तांत्रिक माहितीचा कागद येतो, तसाच. तयार प्रणालीसाठी मार्गारेट मिचेल आणि इतरांनी पुढच्याच वर्षी तशीच नोंदपट्टी मांडली: ही कशासाठी बनवली, कशासाठी वापरू नये, कोणत्या गटावर ती किती चुकते. चुकांचा आकडा गटवार काढणं किती महत्त्वाचं, हे जॉय बुओलाम्विनी आणि गेब्रू यांच्या २०१८ च्या अभ्यासातून कळलं होतं. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत जेमतेम ०.८ टक्के चुकत, तर सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत हे प्रमाण ३४.७ टक्क्यांपर्यंत जाई. सरासरी काढली असती, तर हे कोणाला दिसलंही नसतं.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते कागदावर नाव असणं. ही प्रणाली थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? ज्याचा अर्ज नाकारला, त्याला कारण त्याच्या भाषेत लेखी कोण देईल, आणि किती दिवसांत? 'हे चुकतंय' असं म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याचं काय होतं? गेब्रू स्वतः डिसेंबर २०२० मध्ये गूगलमधून बाहेर पडल्या. मोठ्या भाषा-प्रणालींच्या धोक्यांवरच्या एका निबंधावरून वाद झाला होता. त्या म्हणतात, मला काढून टाकलं. कंपनी म्हणते, आम्ही राजीनामा स्वीकारला. यातलं काहीही धरलं, तरी ज्या बाईचं काम धोके दाखवण्याचं होतं, ती तिथे राहिली नाही.

कायदा कुठवर आला

युरोपीय संघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आला आणि त्यातली काही वापरांवरच्या बंदीची कलमं २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. बंदी मोडणाऱ्याला साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या ७ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. आपली चुकीची माहिती दुरुस्त करून घ्यायचा हक्क तो देतो. पण यंत्राने घेतलेल्या निर्णयाचं कारण मागायचा हक्क त्यात नाही, आणि ही उणीव मला मोठी वाटते.

कॅनडातला एक छोटा निकाल इथे सांगण्यासारखा आहे. आजी वारली म्हणून एकाने एअर कॅनडाच्या चॅटबॉटला शोकप्रसंगीच्या सवलतीबद्दल विचारलं. तिकीट काढल्यावरही अर्ज करता येईल, असं चॅटबॉटने सांगितलं. ते चुकीचं होतं आणि कंपनीने सवलत नाकारली. चॅटबॉटच्या म्हणण्याला आम्ही जबाबदार नाही, अशा धाटणीचा बचाव कंपनीने केला. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला: संकेतस्थळ कंपनीचं, म्हणून त्यावरचा प्रत्येक शब्दही कंपनीचा. भरपाई जेमतेम साडेसहाशे डॉलरांची होती.

ॲमस्टरडॅमने काय केलं

पाळणाघर-भत्त्याच्या प्रकरणानंतर त्याच देशातल्या ॲमस्टरडॅम महापालिकेने निर्वाह भत्त्याचे अर्ज तपासण्यासाठी नवी प्रणाली करायला घेतली. या वेळी सगळं काळजीपूर्वक. निकष पंधराच, आणि त्यांत राष्ट्रीयत्व, लिंग, वय नाही. प्रत्येक गुणाचं कारण दिसेल अशी रचना. बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी. भत्ता घेणाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळालाही विचारलं. त्या मंडळाने विरोध केला. पहिल्या चाचणीत परकीय नागरिकांवर जास्त चुकीचा संशय येतो, असं दिसलं. तो कल सुधारला. मग २०२३ मध्ये खऱ्या अर्जांवर काही महिने ती चालवून पाहिली, तेव्हा पारडं दुसरीकडे झुकलं: आता डच नागरिकांवर आणि स्त्रियांवर चुकीचा संशय जास्त येऊ लागला. शिवाय साध्या कर्मचाऱ्यांपेक्षा तिची नजर फार तीक्ष्ण आहे, असंही दिसेना.

पालिकेने त्यावर लाखो युरो आणि कित्येक वर्षं खर्च केली होती. त्याच वर्षी, नोव्हेंबरमध्ये, समाजकल्याणाची जबाबदारी असलेल्या रुटगर ग्रोट वासिंक या पदाधिकाऱ्याने प्रकल्प बंद केला. तेव्हापासून ते अर्ज पुन्हा कर्मचारीच वाचतात.